धारावीच्या काठावरचे रान

काशीक्षेत्री पंचगंगा घाट ओलांडून गंगेच्या प्रवाहाबरोबर पुढे निघाले की दुर्गा घाट लागतो आणि त्याला लागूनच ब्रह्मा घाट. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर काशीवास करून राहिले, तेव्हापासून या भागात मराठी वस्ती वाढत गेली. पेशवाईतील मातब्बरांनी येथे वाडे बांधले, वेदाध्ययनासाठी विद्यार्थी आले, आणि आजही त्या गल्ल्यांतून चालताना एखाद्या उंबऱ्याआडून मराठी बोलणे कानावर पडते. गल्ल्या मात्र इतक्या अरुंद, की समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाला अंग चोरावेच लागते. दुतर्फा उंच वाड्यांच्या भिंती. ऊन जमिनीपर्यंत पोहोचते ते भर दुपारी, तेही घटकाभर. अशा वस्तीला घाट हेच अंगण असते. पहाटेचे स्नान, पोरांचे खेळ, वृद्धांच्या गप्पा, उन्हाळ्याच्या रात्रीचा वारा, सारे काही त्या पायऱ्यांवर.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी जाहीर झाली आणि हे अंगण ओस पडले. दशाश्वमेध घाटावर एरवी हजारोंच्या गर्दीत होणारी गंगेची आरती एकाच अर्चकाच्या हातून, प्रतीकरूपाने होऊ लागली. गल्लीतल्या माणसाला पायरीवर जाऊन मोकळा श्वास घेण्याचीही मनाई झाली, आणि दाट वस्तीच्या लेखी मोकळ्या जागेचे मोल काय असते, ते त्या दिवसांत प्रत्येकाला कळले.

परंतु ज्या वस्तीला घाटच नाही, तिचे काय? मुंबईतील धारावीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात साडेआठ लाखांच्या आसपास माणसे. घर म्हणजे बहुधा दहा फूट बाय दहा फुटांची खोली, तीत आठ-दहा जण, आणि त्यातच शिवणयंत्र किंवा पापडाचे पोळपाट. धारावीच्या भाळी अंगण लिहिलेले नाही. मात्र तिच्या उत्तर सीमेवर, मिठी नदी माहीमच्या खाडीकडे वळते तेथे, सदतीस एकरांचे एक रान आहे. त्याचे नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. महामारीच्या काळात हे रान धारावीच्या कामी कसे आले, याची ही हकीकत.

कचऱ्याच्या ढिगावर उगवलेले

धारावी आगारापासून वांद्र्याच्या दिशेने जाणाऱ्या जोडरस्त्यावरून बसने जाताना उजव्या हाताला एकाएकी झाडी लागते. नवख्या माणसाला ती कुठल्या तरी जुन्या जंगलाचा उरलेला तुकडा वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत या जागी मुंबई शहराचा कचरा टाकला जात असे. वर्षानुवर्षांचे थर साचून टेकाड झाले होते आणि खाडीकाठच्या तिवरांपर्यंत त्याची दुर्गंधी पोहोचली होती. क्षेपणभूमी बंद करण्याचे ठरले, तेव्हा त्या जागेचे पुढे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. शहराच्या मध्यभागी एवढी मोकळी जमीन म्हणजे इमारतींसाठी आयतीच संधी होती.

विश्व प्रकृती निधीच्या भारतीय शाखेतील निसर्गप्रेमींनी निराळी कल्पना मांडली: येथे निसर्गशिक्षणाचे केंद्र उभारावे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलून धरली. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते येथे पहिले झाड लावण्यात आले. त्यांचे वय त्या वेळी सत्त्याऐंशीच्या घरात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका रोपामागची श्रद्धा कळते.

कचऱ्यावर झाड जगवणे हे बोलण्याइतके सोपे काम नव्हे. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो व तो मुळांभोवतीचा प्राणवायू हटवतो. रोप वरून हिरवे दिसते आणि खालून गुदमरते. कचरा हळूहळू खचत जातो, त्यामुळे मूळ धरलेली झाडेही कलतात. त्यातून झिरपणारा काळा द्रव मातीचा कस घालवतो, तो निराळाच. म्हणून बाहेरून चांगली माती आणून पसरावी लागते, काटक व स्थानिक जातींची निवड करावी लागते आणि मेलेल्या रोपाच्या जागी पुन्हा रोप लावण्याची चिकाटी ठेवावी लागते. ही चिकाटी दहा-अकरा वर्षे चालली. २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनाच्या मुहूर्तावर, उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे तीनशेहून अधिक जातींच्या हजारो वनस्पती आहेत, शंभराहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत आणि फुलपाखरांच्या जातीही ऐंशीच्या आसपास आहेत. पावसाचे पाणी साठवून त्यावर बाग जगवण्याची व्यवस्था, गांडूळखत, औषधी वनस्पतींची रोपवाटिका आणि शाळकरी मुलांसाठी निसर्गसहली असा या केंद्राचा नित्याचा संसार. धारावीतील पुष्कळ मुलांनी पहिले मोठे झाड जवळून पाहिले असेल ते येथेच.

'घरीच राहा' आणि घर

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला कोरोनाबाधित रुग्ण आढळला आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्या बातमीने मुंबईच्या छातीत धस्स झाले. जगभर रोगाशी लढण्याचे जे उपाय सांगितले जात होते त्यांतील एकही धारावीला लागू पडणारा नव्हता. घरीच राहा, असे सांगितले जाई. पण दहा फुटांच्या खोलीत आठ माणसांनी एकमेकांपासून सहा फूट दूर राहायचे कसे? वारंवार हात धुवा, असे सांगितले जाई. पण पाणी ठरावीक वेळीच येणार. महापालिकेच्याच सांगण्यानुसार धारावीतील सुमारे ऐंशी टक्के लोक जवळपास साडेचारशे सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून होते. टाळेबंदी कितीही कडक असली तरी पहाटेची ती रांग टळणार नव्हती.

पालिकेच्या जी-उत्तर विभागाने, म्हणजे दादर, माहीम व धारावी पाहणाऱ्या विभागाने, साहाय्यक आयुक्त किरण दिघावकर यांच्या नेतृत्वाखाली जे धोरण अवलंबिले त्याचे सार एका वाक्यात सांगता येते. रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत थांबायचे नाही, आपणच रोगाचा पाठलाग करायचा. धारावी-माहीम परिसरातील खासगी डॉक्टर संरक्षक पोशाख चढवून एप्रिलच्या उकाड्यात दारोदार फिरले व त्यांनी सुमारे ४७,५०० लोकांची तपासणी केली. धारावीकरांचा या डॉक्टरांवर वर्षानुवर्षांचा विश्वास होता. सरकारी माणसाला दार न उघडणाऱ्याने ओळखीच्या डॉक्टरला मात्र आत घेतले. शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक करण्यात आली, अन्नाची पाकिटे वाटण्यात आली.

शोध लागलेल्या संशयितांना ठेवायचे कोठे, हा खरा पेच होता. बाधित माणूस खोलीत राहिला तर संध्याकाळपर्यंत सारे घर बाधित व्हायचे. म्हणून क्रीडा संकुल, शाळा, मंगल कार्यालये ताब्यात घेण्यात आली. विलगीकरण घराबाहेरच व्हायला हवे, हे धारावीने फार लवकर ओळखले. पण सौम्य लक्षणांच्या पुढची पायरी गाठलेल्या, प्राणवायूची गरज भासणाऱ्या रुग्णांची सोय शाळेच्या वर्गात होण्यासारखी नव्हती. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय भरून वाहत होते. नवे रुग्णालय हवे होते, तेही धारावीच्या उशाशी. आणि धारावीत तर एक गुंठाही रिकामा नव्हता.

पंधरा दिवसांचे रुग्णालय

जागा निघाली ती निसर्ग उद्यानात. उद्यानाच्या वाहनतळाच्या मैदानावर २०० खाटांचे, प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय उभारण्याचे ठरले आणि अवघ्या पंधरा दिवसांच्या आत ते उभे राहिले. १ जून २०२० च्या सुमारास ते रुग्णांसाठी सज्ज झाले. ज्या मैदानावर एरवी शाळांच्या सहलींच्या बसगाड्या उभ्या राहत, तेथे रुग्णवाहिका येऊ लागल्या.

ही जागा सोयीची का ठरली, हे जरा तपशिलाने पाहायला हवे, कारण त्यात योगायोगाचा भाग थोडा आहे. मुख्य जोडरस्ता दारातच असल्याने रुग्णवाहिकेला गल्लीबोळ लागत नव्हते. शीव रुग्णालय जवळ, म्हणजे प्रकृती अधिक बिघडलेल्या रुग्णाला हलवणे शक्य. वस्ती रस्त्याच्या पलीकडे असल्याने रुग्णालयाच्या सान्निध्याची भीती कमी आणि तरीही नातलगांना पायी येता येईल इतके अंतर. जमीन सार्वजनिक असल्याने भूसंपादन, मोबदला, न्यायालयीन तंटा यांत एक दिवसही जायचा नव्हता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती मोकळी होती. गेल्या चाळीस वर्षांत त्या सदतीस एकरांवर संकुले उभी राहिली असती, तर त्या उन्हाळ्यात ते मैदान शोधूनही सापडले नसते. शहराच्या हिशेबात 'पडीक' म्हणून नोंदल्या जाणाऱ्या जागेची किंमत अशा वेळी एकदम वेगळ्या रकान्यात जाते.

मिठीच्या पलीकडील तीरावर, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या प्रदर्शन मैदानात, एक हजाराहून अधिक खाटांचे तात्पुरते रुग्णालय मे महिन्यातच उभे राहिले होते. नदीच्या एका काठावर काचेच्या कचेऱ्यांच्या सावलीत एक आणि दुसऱ्या काठावर झाडांच्या सावलीत दुसरे, अशी ही जोडी. त्यातच ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकले. बांगलादेशाने सुचविलेले त्याचे नाव होते 'निसर्ग'. वाऱ्याच्या भीतीने पलीकडील संकुलातील दीडशेच्या आसपास रुग्णांना वरळीला हलवावे लागले. वादळाचा मुख्य तडाखा रायगडाला बसला आणि मुंबई थोडक्यात बचावली. निसर्गाच्या नावाच्या उद्यानात रुग्णालय सुरू व्हावे आणि त्याच आठवड्यात निसर्ग नावाचे वादळ यावे, हा शब्दखेळ त्या दिवसांत कोणाला सुचला असेल असे वाटत नाही. तेवढी उसंत कोणाला नव्हती.

त्या काळात उद्यानाचे मुख्य दार, शहरातील इतर उद्यानांप्रमाणेच, फिरणाऱ्यांसाठी बंद होते. बागेच्या भिंतीला लागून माणसे श्वासासाठी झगडत होती आणि आत झाडे आपल्या क्रमाने फुलत, झडत होती. यातून कोणी निसर्गाच्या करुणेचे काव्य रचू नये. झाडांनी रोग बरा केला नाही; तो डॉक्टरांनी, परिचारिकांनी व प्राणवायूच्या नळ्यांनी केला. झाडांमुळे जागा राखली गेली एवढेच खरे, आणि तेवढे पुरेसे आहे.

माळावरची जुनी आठवण

महामारीत गावाबाहेरच्या मोकळ्या जागेचा आसरा घेण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात ग्रंथिज्वराचे निदान डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले आणि पाहता पाहता ती साथ पुण्यात पोहोचली. त्या वेळी सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याबाहेर, हडपसरकडील ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना चालविला. गावातील अंधाऱ्या, कोंदट घरांपासून दूर, मोकळ्या हवेत रुग्णाला ठेवावे, हाच त्यामागील विचार. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले, त्यातून त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सरकारी तपासणीतील जबरदस्तीने लोक इतके प्रक्षुब्ध झाले, की २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. घरात शिरून माणसे ओढून नेणारी छावणी आणि माळावरचा दवाखाना, दोहोंचा उद्देश वरकरणी एकच होता. फरक होता तो रुग्णाकडे पाहण्याच्या दृष्टीत. धारावीत ओळखीच्या डॉक्टरांना पुढे करण्याचा जो शहाणपणा दाखवला गेला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिकच जाणवते.

सातासमुद्रापार न्यूयॉर्कनेही २०२० मध्ये हाच मार्ग धरला. जगातील श्रीमंत शहरांत गणना होणाऱ्या त्या नगरीला सेंट्रल पार्कमधील ईस्ट मेडो या हिरवळीवर एप्रिलच्या आरंभी ६८ खाटांचे तंबू-रुग्णालय उभारावे लागले. ते महिनाभर चालले. खाटांची संख्या पाहिली तर धारावीच्या उद्यानातील रुग्णालय त्याच्या तिपटीच्या जवळपास होते, ही गोष्ट फारशी कोणी नोंदवलेली नाही.

श्रेयाचा हिशेब

आकडे बोलके होते. एप्रिल २०२० मध्ये धारावीत ४९१ रुग्ण होते व रुग्णसंख्या दुप्पट होण्यास १८ दिवस लागत होते. हा कालावधी मेमध्ये ४३ दिवसांवर व जूनमध्ये ७८ दिवसांवर गेला. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी इटली, स्पेन व दक्षिण कोरिया यांच्या पंक्तीत धारावीचे नाव घेतले. २५ डिसेंबर २०२० रोजी, पहिल्या रुग्णानंतर प्रथमच, धारावीत एकही नवा रुग्ण आढळला नाही.

मात्र श्रेयाच्या खतावणीत जमेची बाजू मांडताना इतर नोंदीही पाहणे प्रामाणिकपणाचे ठरेल. हजारो कामगार गावी निघून गेल्याने वस्तीची दाटी त्या काळापुरती कमी झाली होती. जुलै २०२० मधील रक्तचाचण्यांच्या पाहणीत मुंबईच्या तीन प्रभागांतील झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, म्हणजे रोग नकळत बहुतेकांना स्पर्शून गेला होता. धारावी त्या तीन प्रभागांत नव्हती, पण तेथील चित्र फार वेगळे असेल असे मानण्याचे कारण नाही. लोकसंख्येतील तरुणांचे मोठे प्रमाण हाही एक घटक होता. बरे झालेल्या धारावीकरांनी मोठ्या उत्साहाने रक्तद्रव दान केले आणि त्याचे कौतुकही झाले. पुढे मे २०२१ मध्ये तो उपचारच फारसा गुणकारी नसल्याचे ठरून अधिकृत उपचारपद्धतीतून वगळण्यात आला. दात्यांच्या चांगुलपणाला त्यामुळे बाध येत नाही. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, धारावीत एकाच दिवशी ९९ रुग्ण नोंदले गेले. लढाई एकदा जिंकून संपलेली नव्हती.

नदीच्या दोन तीरांवर

वांद्रे-कुर्ला संकुलात अनेक बँकांची मुख्यालये आहेत. तेथील वरच्या मजल्यांवरील खिडक्यांतून दक्षिणेकडे पाहिले तर मिठीपलीकडचा हिरवा पट्टा आणि त्यामागे धारावीची पत्र्याची छपरे एका दृष्टिक्षेपात मावतात. कामाच्या धबडग्यात तिकडे पाहण्याचा प्रसंग किती जणांना येतो, कोणास ठाऊक. टाळेबंदीत मात्र हे दोन तीर एकमेकांजवळ आले. बँका अत्यावश्यक सेवांत मोडत असल्याने शाखा चालू होत्या. महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा झाले. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार पैसे काढण्याचे दिवस ठरवून देण्यात आले होते. शाखांबाहेर चुन्याच्या वर्तुळांत उभ्या राहिलेल्या त्या बायका, आणि काचेपलीकडे मुखपट्टी लावून नोटा मोजणारा रोखपाल, हे चित्र देशभरातील बँक कर्मचाऱ्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले आहे. त्या सेवेत असतानाच अनेक बँक कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले, याचाही विसर पडू नये.

धारावीचे अर्थकारण हातावरचे असले तरी लहान नाही. चामड्याच्या वस्तू, कुंभारवाड्यातील मडकी व पणत्या, शिवणकाम, प्लास्टिकचे पुनर्चक्रीकरण, पापड, फरसाण. शहराने टाकलेल्या वस्तूंना पुन्हा कामी लावण्यात या वस्तीची हयात गेली. तिच्या कुशीतील रानही अशाच टाकाऊ ढिगावर उभे आहे, हा योग विचार करायला लावणारा आहे. रुग्णालय सुरू झाले त्याच सुमारास, १ जून २०२० रोजी, फेरीवाल्यांना दहा हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल देणारी स्वनिधी योजना जाहीर झाली. श्वास परत येण्यापाठोपाठ रोजगार परत यायला हवा होता.

राखणीचा प्रश्न

येथवर सारे गोमटे वाटेल. पण या रानाचे भवितव्य वेळोवेळी टांगणीला लागलेले आहे. शासनाने त्याला संरक्षित वनाचा दर्जा दिला आहे. तरीही धारावीच्या पुनर्विकासाच्या आराखड्यांत या सदतीस एकरांचे नाव पुनःपुन्हा येत राहिले आणि पर्यावरणप्रेमींना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात, निसर्ग उद्यान पुनर्विकास प्रकल्पाचा भाग नाही, असे संबंधित प्राधिकरणातर्फे सांगण्यात आले. निसर्गप्रेमींनी सुटकेचा निःश्वास टाकला. धारावीकरांना पक्की घरे हवीत, याबद्दल दुमत नाही आणि ती मागणी न्याय्यच आहे. परंतु नव्या उंच इमारतींत राहायला गेलेल्या लाखो माणसांना रानाची गरज कमी नव्हे, अधिकच भासेल.

कागदावरचे संरक्षण किती टिकते, याचे उदाहरण पुन्हा काशीतच सापडते. गंगेच्या शुद्धीसाठी कासवे सोडून १९८९ मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सात किलोमीटरचे पात्र कासव अभयारण्य म्हणून घोषित झाले होते. ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांना लागणारे पाणी त्याच पट्ट्यात येत असे. महामारीच्याच वर्षी, २०२० मध्ये, त्या पात्राचा अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही या जिल्ह्यांतील गंगेच्या दुसऱ्या पट्ट्यात नवे अभयारण्य घोषित झाले. टाळेबंदीच्या बातम्यांच्या लोंढ्यात ही बातमी कोठल्या कोठे वाहून गेली.

निसर्ग उद्यानाचे दार पुढे लोकांसाठी पुन्हा उघडले. शाळांच्या सहली पुन्हा येऊ लागल्या. खाडीकाठच्या तिवरांत भरती-ओहोटीबरोबर बगळे उतरतात, २६ जुलै २००५ च्या प्रलयात रौद्र झालेली मिठी बाजूने संथ वाहते. पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकेत रोपे न्यायला माणसे येतात. धारावीतील घराला जमीन नसते. तेथे तुळस, अडुळसा, गवती चहा पोटमाळ्याच्या शिडीशी, तेलाच्या रिकाम्या डब्यात लावले जातात. डब्याच्या तळाला खिळ्याने तीन-चार भोके पाडायची आणि खाली विटेचा तुकडा ठेवायचा, एवढे सांगितले की रोपवाटिकेतील माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.